किनाऱ्याकिनाऱ्यानं गोवा, हायवे टाळून : बाईकवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-पुण्याहून गोव्याला बाईकनं जायचंय, पण एनएच ६६ वर ट्रकच्या मागे धूळ खात नव्हे, तर समुद्र उजव्या हाताला ठेवून. असं ठरवणाऱ्यांचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची सुरुवात 'एकूण किलोमीटर किती?' अशी असते. या रस्त्यावर किलोमीटरवरून फारसं काही कळत नाही. खाड्या किती, त्यातल्या कुठल्यावर पूल आहे आणि कुठल्यावर बोट, यावर सगळा बेत ठरतो. म्हणून बोटींची उत्तरं लांबली आहेत आणि बाकीची आटोपशीर आहेत.

१. सागरी महामार्ग म्हणतात तो नेमका कुठून कुठे जातो?

रेवसपासून रेडीपर्यंत, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा तीन जिल्ह्यांतून. कल्पना बॅरिस्टर अंतुल्यांची, म्हणजे १९८० ते ८२ या काळात ते मुख्यमंत्री होते तेव्हापासूनची. प्रत्यक्षात हा एकसंध रस्ता नाही. कुठे दुपदरी गुळगुळीत डांबर, कुठे दोन माडांच्या मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी गल्ली, तर कुठे रस्ता थेट धक्क्यावर जाऊन संपतो आणि पुढचा तुकडा खाडीच्या पलीकडून सुरू होतो. मधल्या गावांतले फाटे धरून साडेपाचशे किलोमीटर गृहीत धरा. 'महामार्ग' या शब्दावर जाऊ नका. आपल्याला हवा तसा रस्ता आहे तो तेवढ्यामुळेच.

२. किती दिवस लागतात? आम्ही गोवा एका दिवसात मारतो.

हायवेनं मारत असाल. इथे तासाला पंचवीस-तीस किलोमीटरची सरासरी पडली तरी चांगलं चाललंय म्हणायचं. वळणं, गावं, गुरं, चढउतार, धक्क्यावरची वाट पाहणं आणि 'जरा इथे थांबू' हे सगळं त्यात आलं. निवांत जायचं तर सहा दिवस ठेवा. पहिला मुक्काम मुरूड किंवा दिवेआगर, दुसरा आंजर्ले-हर्णैच्या आसपास, तिसरा गुहागर किंवा वेळणेश्वर, चौथा रत्नागिरी, पाचवा देवगड किंवा मालवण, सहाव्या दिवशी संध्याकाळी गोवा. पाच दिवसांत बसतं, पण मग किल्ला बघायचा की समुद्र, हे रोज निवडावं लागतं. चारच दिवस असतील तर अख्खा रस्ता न करता एक तुकडा करा (प्रश्न १९).

३. फेरीबोटी किती आणि कुठेकुठे लागतात?

उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना क्रम असा. मुरूडच्या पुढे आगरदांड्याहून दिघी. हरिहरेश्वरच्या खाली बागमांडल्याहून वेशवी, म्हणजे बाणकोटची खाडी. दापोली तालुक्यातल्या दाभोळहून धोपावे. गुहागरच्या दक्षिणेला तवसाळहून जयगड. आणि अगदी शेवटी तेरेखोलहून केरी, ही गोव्यातली. मुंबईहून मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी मोठी बोट, धरली तर सहा.

यातली दाभोळ-धोपावे ही २००३ पासूनची. तिच्या यशानंतर बाकीच्या खाड्यांवरही गाड्या नेणाऱ्या बोटी आल्या. स्थानिक लोक तिला फेरीबोट म्हणतात, धक्क्याला जेटी. रस्ता विचारताना 'फेरीबोटीची जेटी कुठे?' एवढं पुरतं.

प्रवास दहा ते वीस मिनिटांचा. वाट किती पाहावी लागेल ते नशिबावर. साधारण पाऊण तास ते तासानं एक फेरी असते, गर्दी असली की मध्ये जादा सोडतात. सकाळी लवकर सुरू होतात, रात्री बंद होतात, आणि प्रत्येक ठिकाणची शेवटच्या फेरीची वेळ वेगळी. तवसाळ-जयगडला वाहतूक कमी, त्यामुळे तिथे विशेष सांभाळा. वेळा हंगामानुसार बदलतात. आदल्या मुक्कामाच्या घरमालकांना विचारलं की ते एक फोन लावून सांगतात, ती माहिती कुठल्याही वेळापत्रकापेक्षा ताजी असते.

जयगडच्या दक्षिणेला तेरेखोलपर्यंत खाड्यांवर पूल आहेत. म्हणून रत्नागिरी सोडल्यावर अंतरं भराभर कापली जातात आणि मंडळींना वाटतं, आपण उगाच सहा दिवस ठेवले.

४. बाईक बोटीवर चढवायची भीती वाटते. घसरली तर?

घसरते ती बहुतेक वेळा रॅम्पवर. लोखंडी रॅम्प ओला असतो, त्यावर वाळू आणि चिखल असतो, आणि धक्क्याच्या उतारावर भरतीच्या रेषेखाली हिरवं शेवाळ. तिथे ब्रेक दाबला की संपलं. पहिला गिअर, सरळ रेषा, क्लच पूर्ण न दाबता चालण्याच्या वेगानं वर जायचं. पुढचा ब्रेक विसरा. मागे बसलेल्याला आधीच उतरवा, त्यानं चालत यावं.

आत गेल्यावर खलाशी दाखवेल तिथेच लावा. बाईक बहुधा कडेला किंवा गाड्यांच्या मधल्या फटीत घालतात. साइड स्टँडवर, गिअरमध्ये, हँडल लॉक न करता. पाणी हलत असेल तर बाईकपाशीच उभं राहा. फोटो काढायला वर गेलेल्यांच्या बाईका शेजारच्या गाडीच्या दारावर टेकलेल्या सापडतात आणि मग गाडीवाल्याशी बोलणं होतं.

उतरताना घाई नको. पुढचा रॅम्प टेकला, खलाशानं हात केला, की मग इंजिन सुरू करा. तिकिटाला सुटे पैसे ठेवा. यूपीआय चालतं, पण खाडीकाठी नेटवर्क कधी असतं, कधी नसतं.

५. शेवटची बोट चुकली तर पलीकडे जायला रस्ता आहे का?

आहे, पण लांबचा. दाभोळला चुकली तर दापोली, खेड, चिपळूण करून गुहागर, म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या पुढे, आणि त्यात खेड-चिपळूण हा तुकडा नेमका एनएच ६६ चा. तवसाळला चुकली तर आबलोलीवरून राई-भातगाव पूल ओलांडून रत्नागिरी तालुक्यात उतरता येतं, हा वळसा सुसह्य आहे आणि देखणाही. बाणकोटच्या खाडीला आंबेत-म्हाप्रळचा पूल आहे. मध्यंतरी तो दुरुस्तीसाठी बंद असायचा, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. दिघीकडे जायचं तर राजपुरीच्या खाडीला वळसा घालून म्हसळ्यावरून.

माझं मत विचाराल तर संध्याकाळी बोट चुकली की अलीकडेच मुक्काम करावा. रात्री अनोळखी घाटातून वळसा घालण्यात काही पुरुषार्थ नाही. कारण प्रश्न १४ मध्ये.

६. मुंबईहून सुरुवात कशी करावी? अटल सेतूवरून जाऊ का?

अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही आहे, आणि वांद्रे-वरळी सी लिंकवरही. हे सांगायचं कारण, दर हंगामात कुणीतरी नाक्यावरून परत फिरतं.

उत्तम सुरुवात म्हणजे भाऊच्या धक्क्याहून मांडव्याची रो-रो. मार्च २०२० मध्ये ती सुरू झाली. बाईक आत घालायची, तासाभरात मांडव्याला उतरायचं. पनवेल, पेण, वडखळ हा सगळा वैताग टळतो. शनिवार-रविवारची जागा आधी आरक्षित करा. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच वेगळ्या, त्यांवर बाईक घेत नाहीत.

रस्त्यानंच जायचं असेल तर पहाटे पाचला घर सोडा, वडखळ गाठा, उजवीकडे पोयनाडकडे वळा. एवढा तुकडा नाइलाजाचा.

७. पुण्याहून निघालो तर मांडव्यापर्यंत उलटं जायचं का?

अजिबात नाही. ताम्हिणी घाट उतरून विळे, निजामपूर, माणगाव आणि तिथून म्हसळा करून दिवेआगर किंवा श्रीवर्धन. एनएच ६६ फक्त माणगावात आडवा येतो. मुरूड-जंजिरा सोडवत नसेल तर विळ्याहून सुतारवाडी, कोलाड, रोहा करून मुरूड गाठा आणि आगरदांड्याची बोट धरा. वरंध घाट देखणा आहे, पण पावसाळ्यात बंद असतो. त्याच्या भरवशावर बेत आखू नका.

८. कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, त्यातही डिसेंबरचे पहिले तीन आठवडे. नाताळ ते नववर्ष टाळा. काशीद, गणपतीपुळे आणि मालवणला त्या आठवड्यात गाड्या मुंगीसारख्या सरकतात आणि खोल्यांचे दर दुप्पट.

मार्चमध्ये ऊन चढतं, पण दोन गोष्टींसाठी जायला हरकत नाही. एक, वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ते दिवस. दुसरं, शिमगा. गावोगाव पालख्या नाचत असतात, रस्ता तासभर अडतो, आणि पोरं दोरी आडवी धरून पोस्त मागतात. वैतागू नका. दहा-वीसच्या नोटा वरच्या खिशात ठेवा आणि हसत द्या. पालखी आडवी आली तर इंजिन बंद करून बाजूला उभं राहायचं, हॉर्न वाजवायचा नाही.

एप्रिल-मेमध्ये देवगडकडे आंब्याच्या पेट्यांची वाहतूक जोरात असते आणि दुपारी अकरा ते चार बाईकवर बसवत नाही. हापूससाठी जायचं असेल तर जा, पण तोंड धुतलं की निघायचं आणि अकराला सावलीत शिरायचं.

९. पावसाळ्यात कोकण सुंदर दिसतं म्हणतात. जुलैत जाऊ का?

दिसतं, शंकाच नाही. पण ही सहल नव्हे. जोर असला की फेऱ्या बंद ठेवतात, दरडी पडतात, आणि जांभ्याची लाल माती डांबरावर वाहून आली की तिच्यावर टायर धरत नाही. किनाऱ्यावर त्या काळात फारसं काही चालूही नसतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे ताज्या मासळीच्या आशेवर गेलात तर बर्फातली मिळेल. पावसातलं कोकण पाहायचं तर एकाच गावी चार दिवस राहा आणि आसपास फिरा. किंवा सप्टेंबरच्या शेवटी जा, तेव्हा कातळसड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, फुलं असतात आणि पाऊस थकलेला असतो. गणपतीचे आठ-दहा दिवस मात्र सोडा. अख्खी मुंबई गावी जात असते.

१०. माझ्याकडे साधी शंभर-सव्वाशे सीसीची बाईक आहे. जमेल का? स्कूटरनं?

आरामात. या रस्त्यावर वेग लागतच नाही, हलकी बाईक उलट बोटीवर आणि वाळूच्या वळणावर सोयीची. स्प्लेंडरवर दूध घालणारा माणूस रोज ज्या चढावरून जातो, त्या चढाला चारशे सीसी कशाला हवी? स्कूटरची चाकं लहान, खड्ड्यात दणका जास्त बसतो, एवढंच.

निघण्याआधी बघायचं ते: टायरची नक्षी, ब्रेक पॅड आणि शू, चेनचा ताण, हेडलाइट. सोबत क्लचची जादा वायर, ट्यूबलेससाठी पंक्चरच्या पट्ट्या आणि हवा भरायचा छोटा पंप. ट्यूबचे टायर असतील तर एक जादा ट्यूब ठेवा. पंक्चरवाला पुढच्या तिठ्यावर असतो, पण ट्यूब त्याच्याकडे तुमच्या मापाची असेलच असं नाही. मोठी दुरुस्ती निघालीच तर तालुक्याच्या गावापर्यंत टेम्पो करावा लागतो.

११. गूगल मॅप्स मला सारखं हायवेवर ढकलतं. काय करू?

त्याचा दोष नाही. दापोली ते रत्नागिरी विचारलं की त्याला खेड आणि चिपळूणच दिसणार, कारण वेळ कमी लागतो. 'हायवे टाळा' हा पर्याय लावला तरी भलत्याच कच्च्या वाटा काढतो. आणि 'फेरी टाळा' हा पर्याय चुकून चालू असेल तर दाभोळहून समोर दिसणाऱ्या धोपाव्याला जायला तुम्हाला चिपळूण दाखवेल. आधी तो बंद करा.

मग मोठ्या गावाचं नाव न टाकता पुढची जेटी किंवा पुढचं किनाऱ्यावरचं गाव एवढंच टाका. दाभोळ जेटी. ती आली की गुहागर. मग वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ जेटी. अशा पंचवीस-तीस किलोमीटरच्या उड्या मारल्या की रस्ता किनारा सोडत नाही. तिन्ही जिल्ह्यांचे नकाशे घरीच डाउनलोड करून ठेवा.

आणि सारख्या नावांचं भान ठेवा. मुरूड दोन आहेत, एक जंजिऱ्याजवळचं, दुसरं दापोलीतलं हर्णैजवळचं. गोव्यात केरी एकाहून जास्त. तुम्हाला पेडण्यातलं हवंय, सत्तरीतलं नव्हे. नकाशात नुसतं नाव टाकून निघालात तर समुद्राऐवजी डोंगरात पोचाल.

१२. पेट्रोल कुठे मिळतं?

तालुक्याच्या गावी हमखास: अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले. मधल्या गावात पंप दिसला तर बोनस समजा. नियम साधा: टाकी अर्धी असली तरी तालुक्याचं गाव आलं की भरून घ्या. खेड्यात दुकानात बाटलीतलं पेट्रोल मिळतं, पण ते अडलेल्यासाठी.

१३. कागदपत्रं काय लागतात? भाड्याची बाईक चालेल? परदेशातून सुट्टीवर आलो तर?

लायसन्स, आरसी, चालू विमा आणि पीयूसी. डिजिलॉकरमधल्या प्रती ग्राह्य असतात, तरी नेटवर्कचं वर सांगितलंच आहे, तेव्हा एक कागदी प्रत सीटखाली ठेवा. पीयूसी संपलेली असते आणि कुणाच्या लक्षात नसतं. तीच आधी बघा. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही.

भाड्याची बाईक घेताना नंबर प्लेट बघा. स्वतः चालवायला भाड्यानं देण्याचा परवाना असलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी बाईक भाड्यानं घेतलीत आणि अपघात झाला तर विम्याचा प्रश्न येतो. दुसऱ्या राज्यात न्यायला परवानगी आहे का, हे लेखी घ्या.

परदेशी लायसन्स असेल तर तिथून निघतानाच आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा, आणि त्यावर मोटारसायकलचा वर्ग नोंदलेला आहे ना ते पाहा. नुसत्या कारच्या परवान्यावर बाईक चालत नाही.

१४. अंधार पडल्यावर तास-दीड तास चालवलं तर काय बिघडतं?

दिवसा ऊन खाल्लेलं डांबर रात्री उबदार असतं आणि गुरं त्यावर येऊन बसतात. काळी म्हैस काळ्या रस्त्यावर हेडलाइटच्या टप्प्यात येईपर्यंत दिसत नाही. रस्त्याला साइडपट्टी नाही, वळणापलीकडे काय आहे कळत नाही, आणि चिऱ्यांचे ट्रक बऱ्याचदा मागचा दिवा न लावता चाललेले असतात. जयगड आणि दिघी इथल्या बंदरांमुळे त्या पट्ट्यात अवजड वाहनंही आहेत. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. पाचला मुक्कामी पोचायचं ठरवा, म्हणजे साडेपाच-सहाला पोचाल.

दिवसाही एक गोष्ट. लाल एसटी वळण घेताना अख्खा रस्ता घेते. तिला तो लागतोच. हॉर्न ऐकू आला की डावीकडे घेऊन थांबायचं, ती गेली की निघायचं.

१५. राहायचं-जेवायचं कसं? हॉटेलं आधी ठरवू का?

शनिवारची खोली आधी ठरवा, बाकीच्या दिवशी त्या त्या दुपारी फोन केला तरी जमतं. बोटीच्या भरवशावरच्या प्रवासात सगळे मुक्काम बांधून घेणं म्हणजे स्वतःच्या पायात दोरी. हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली इथे एमटीडीसी आहे. मला विचाराल तर घरगुती सोय घ्या. बाईक मांडवात राहते, सकाळी चेन साफ करायला अंगण मिळतं, आणि प्रश्न ३ मधला तो फोन लावणारा माणूसही तिथेच भेटतो.

जेवण मात्र सांगून ठेवावं लागतं. घरगुती खानावळीत तुम्ही दीडला अचानक उभे राहिलात तर पोहे मिळतील. सकाळी फोन करून 'चार ताटं, दोन सुरमई, दोन शाकाहारी' असं सांगितलं की वेळेवर गरम तांदळाची भाकरी आणि सोलकढी समोर येते. दिवेआगर, आंजर्ले, गुहागरला उत्तम शाकाहारी घरं आहेत, मोदक मिळतात, पण तेही आदल्या दिवशी सांगून.

१६. कुठे जास्त वेळ द्यावा आणि काय सोडलं तरी चालेल?

वेळ द्या: दिवेआगरहून आरावी, शेखाडीमार्गे श्रीवर्धन. रस्ता आणि लाटा यांच्यामध्ये कठडा तेवढा असतो. हा तुकडा सकाळी करा. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, तिथून खाली दिसणारा सुवर्णदुर्ग. हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव. गणपतीपुळे ते रत्नागिरी आरे-वारेमार्गे, हायवेमार्गे नव्हे. देवगडहून पुलानं कुणकेश्वर.

सगळ्यात दुर्लक्षित पट्टा म्हणजे रत्नागिरी ते विजयदुर्ग. पावस, पूर्णगड, गावखडी, मग कशेळी. कशेळीला कनकादित्याचं देऊळ आहे आणि सड्यावर कातळात खोदलेला, सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती, त्याच्या पोटात कोरलेले कितीतरी प्राणी. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पायातले बूट काढा, खोदरेषांवर उभं राहू नका, आणि बाईक सड्यावर आत नेऊ नका.

किल्ल्यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आले, या वाटेवरचे चारही. एकच बघायचा तर विजयदुर्ग. बाईक दारापर्यंत जाते, होडीची रांग नाही, आणि तीन तटबंद्या उन्हं उतरताना बघाव्यात. काशीदचा किनारा शनिवार-रविवारी सोडून द्या.

१७. मागे लहान मूल घेऊन जाता येईल? आणि मी एकटी मुलगी आहे, जाऊ का?

मूल नऊ महिने ते चार वर्षांचं असेल तर फेब्रुवारी २०२३ पासून नियम आहे: हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा. चार वर्षांपुढे हेल्मेट सगळ्यांनाच. नियम पाळूनही दिवसाला पन्नास-साठ किलोमीटरच्या पुढे नेऊ नका. मूल मागे झोपतं आणि कळत नाही.

एकट्या मुली जातात, आणि बऱ्याच जणी सांगतात की अडचण झाली ती प्रश्नांची: 'एकटीच? घरचे काय म्हणाले?' घरगुती मुक्काम, उजेडात पोचणं, आणि सकाळी निघताना पुढच्या गावचं नाव घरमालकीणबाईंना सांगून ठेवणं. काकूंची चुलत जाऊ बहुधा त्याच गावात असते आणि तिला फोन आधीच गेलेला असतो.

१८. आम्ही बारा बाईक आहोत. काही वेगळं?

फुटा. चार-चारच्या तीन टोळ्या करा, अर्ध्या तासाच्या अंतरानं निघा. बारा बाईका एका फेरीत मावतीलच असं नाही, बारा ताटं एका खानावळीत मिळत नाहीत, आणि वाडीतल्या अरुंद रस्त्यावर बारा सायलेन्सर गेले की म्हातारी माणसं दार लावून घेतात. आवाजाचे सायलेन्सर बदलून या. भेटायची जागा जेटीची ठेवा, तिथे सगळ्यांना थांबावंच लागतं.

१९. तीनच दिवस आहेत. गोवा होणार नाही. मग?

मुंबईकरांनी मांडवा ते हरिहरेश्वर करून माणगाव-ताम्हिणीकडे किंवा आल्या वाटेनं परत यावं. पुणेकरांनी श्रीवर्धन, बागमांडल्याची बोट, केळशी, आंजर्ले, दापोली असं करून परतावं. कोल्हापूरकर नशीबवान, त्यांना गगनबावडा किंवा फोंडा घाट उतरला की देवगड-मालवण हाताशी आहे. त्यांनी विजयदुर्ग ते वेंगुर्ले हा तुकडा घ्यावा.

२०. वाळूत बाईक चालवायचा फोटो हवाय. किनाऱ्यावर नेऊ का?

नको. बहुतेक किनाऱ्यांवर गाड्यांना मनाई आहे, आणि कासवांच्या किनाऱ्यावर चाकांखाली घरटी जातात. शिवाय ओहोटीच्या ओल्या वाळूवर साइड स्टँड टेकवून फोटो काढेपर्यंत स्टँड रुततो, बाईक आडवी होते, आणि मग भरतीच्या आधी ती काढायला गावातली चार माणसं आणि कधी बैलजोडीही लागते.

मिठाचं पाणी न लागताही खारा वारा चेन खातो. दोन दिवसांतून एकदा साध्या पाण्यानं बाईक धुवा, चेन पुसून ल्यूब मारा, ब्रेकची पिन आणि केबलची टोकं बघा. घरी आल्यावर पहिलं काम सर्व्हिसिंग.

२१. इलेक्ट्रिक स्कूटरवर करता येईल?

येईल, दिवसाचा टप्पा सत्तर-ऐंशी किलोमीटरचा ठेवलात तर. कंपनी सांगते ती रेंज सपाट रस्त्याची. दापोली-दाभोळकडचे चढउतार, मागचा माणूस आणि सामान धरून त्यातून बरीच वजा करा. रात्री घरगुती मुक्कामी चार्जिंगला पंधरा अँपिअरचा प्लग आहे का, हे खोली ठरवतानाच विचारा, आणि विजेचे पैसे वेगळे द्यायची तयारी दाखवा. कोकणात वीज जाते, तेव्हा रात्री पोचल्या पोचल्या प्लग लावा, पहाटेवर ठेवू नका.

२२. खाड्यांवर पूल होणार आहेत ना? मग बोटी बंद होतील?

रेवस-रेडी मार्गावरच्या मोठ्या खाड्यांवर पुलांची कामं हाती घेतली आहेत. बाणकोटच्या खाडीतले अर्धवट खांब बोटीतून वर्षानुवर्षं दिसत आलेत, त्यावरून वेगाचा अंदाज करा. निघण्याआधी मात्र प्रत्येक खाडीची ताजी स्थिती विचारा. कामामुळे धक्क्याकडे जाणारा रस्ता वळवलेला असतो. पूल झाले की गावकऱ्यांची मोठी सोय होईल, रात्री-अपरात्री दवाखाना गाठता येईल. आपण सुट्टीवाल्यांनी त्यावर उसासे टाकू नयेत.

२३. गोव्यात शिरताना काय? तेरेखोलची बोट बंद असेल तर?

रेडीहून तेरेखोलला या. किल्ला नदीच्या अलीकडे असला तरी तो गोव्यातच आहे. खालून केरीला बोट जाते, उतरलात की हरमल, मोरजी, शिवोली असा किनाऱ्याचा रस्ता. बोट नसेल तर आरोंद्याहून किरणपाणीचा पूल आहे, वळसा फार मोठा नाही. परतताना गोव्यातली दारू डिकीत घालून महाराष्ट्रात आणू नका. परवान्याशिवाय तो गुन्हा आहे आणि सीमेवर तपासणी होते.

२४. परतही किनाऱ्यानंच यायचं का? बाईक रेल्वेनं पाठवता येते का?

वेळ असेल तर घाट चढून या: सावंतवाडी, आंबोली, आजरा, गारगोटी, कोल्हापूर. तिथून पुण्यापर्यंत आडवाटांचा हट्ट सोडा आणि हायवेनं सरळ घर गाठा, त्यात कमीपणा नाही.

रेल्वेनं पाठवायची तर मडगावचं पार्सल ऑफिस गाठा. छोट्या स्टेशनांवर गाडी दोन मिनिटं थांबते, तिथे बाईक चढवत नाहीत. आरसीची प्रत, ओळखपत्र, आणि त्याच गाडीचं तुमचं तिकीट असेल तर लगेज म्हणून जाते, नसेल तर पार्सल म्हणून. पार्सल त्याच दिवशी निघेलच असं नाही. पॅकिंगवाले स्टेशनबाहेर असतात. आरसे काढून घ्या, हँडल आणि टाकीला गोणपाट नीट लावून घ्या, दोन्हीकडे स्टेशनचं नाव ठळक लिहा. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, म्हणून गोव्यात शेवटच्या दिवशी पेट्रोल बेतानं भरा. दादर-ठाण्याला उतरवल्यावर पंपापर्यंत ढकलत न्यायची आहे, तेव्हा सगळं सामान रिक्षात घालून पुढे पाठवा.